सड्यावर जायचं होतं

खाडीपलीकडून येणारी शेवटची तरीची बोट धक्क्याला लागली, तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे उभी होते. मोरपंखी साडी नेसले होते, केसांत सुरंगीचा वळेसर माळला होता. इंजिन बंद पडलं, दोर फेकल्याचा आवाज आला आणि माणसं उतरू लागली. एक उंचसा माणूस खांद्याला बॅग लावून थेट माझ्या दिशेने आला. मी पुढे झाले, त्याचा हात धरला आणि म्हटलं, "आलात? किती वाळलात हो!"

"वैनीनु, मी अनंत," तो माणूस हसत हसत हात सोडवून घेत म्हणाला. "दिगू थंय पाठी हा."

अनंत आमचा शेजारी. धक्क्यावर हशा पिकला. मीही हसले. "मास्क होता ना तुमच्या तोंडावर," म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यात माझ्या अगदी बाजूने आवाज आला, "मी तर मास्क काढून उभा आहे केव्हाचा."

तो दिगंबर होता, माझा नवरा. समोर मी त्याला 'अहो'च म्हणते, मनात मात्र कायम दिगंबर. मालवाहू बोटीवर फिटर. नऊ महिन्यांसाठी म्हणून गेलेला, आणि मध्येच सगळं जग बंद झालं. बोट या बंदरातून त्या बंदरात फिरत राहिली, पण माणसांना कुणी खाली उतरू देईना. जवळजवळ दीड वर्षाने तो घरी येत होता. मी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते आणि तो समोर उभा असताना दुसऱ्याचाच हात धरला होता.

घरी जाताना तो दोनदा म्हणाला, "चांगलीच फजिती केलीस माझी." हसून म्हणाला, पण दुसऱ्यांदा म्हणताना हसू जरा उशिरा आलं.

आमचं घर खाडीच्या अलीकडे, नारळीच्या आगरात. घरात मी आणि सासूबाई. मूलबाळ नाही. घरामागून एक घाटी चढत जाते, जांभ्या दगडात खोदलेल्या पायऱ्यांची. ती संपली की सडा लागतो. वर सपाट काळा कातळ आणि पलीकडे एकदम खाली समुद्र. दिगंबर लहानपणी रोज शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचा. दूरवर जाणाऱ्या बोटी बघायचा. त्या बघूनच आपण बोटीवर जायचं ठरवलं, असं त्याने मला लग्न ठरल्यावर सांगितलं होतं. म्हणाला होता, "तुला तिथे नेतो. सूर्य बुडताना बघ एकदा."

पण मला ती घाटी चढवेना. मी लहानपणापासून जाड, आणि लग्नानंतर तर वाढतच गेले. गुडघे बोलायचे, साखर वाढलेली, दम लागायचा. एकदा हट्टाने निघालो तर अर्ध्या वाटेत पायरीवर बसले ती उठेचना. दिगंबर माझ्या शेजारी बसून राहिला. म्हणाला, "इथूनही छान दिसतं." इथून फक्त फणसाची झाडं दिसत होती.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं मी ठरवलं तेव्हा त्याचा विरोध होता.

"तू आहेस तशी मला चालतेस," तो म्हणाला.

"पण मला चालवत नाही त्याचं काय?"

गोव्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पोट लहान केलं आणि आतड्याचा बराच भाग वगळून पुढचं जोडून टाकलं, म्हणजे खाल्लेलं सगळं अंगी लागू नये. आणि खरंच, दीडेक वर्षात मी निम्मी झाले. साखर गेली, गुडघे गप्प झाले. बाजारात बायका थांबवून विचारायच्या, काय खातेस गं तू? आरशासमोरून जाताना मी स्वतःलाच वळून बघायची. पण दिगंबरच्या सुट्ट्या काही जुळेनात. एकदा ऐन पावसात आला, घाटीवर शेवाळ. एकदा सासरे आजारी होते आणि त्यातच गेले. मग ही दीड वर्षं. सड्यावर मी एकटी जाऊ शकत होते, पण गेले नाही. जायचं ते त्याच्याबरोबरच.

पहिल्याच रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी सड्यावर जायचं."

मी ताटाकडे बघत म्हटलं, "उद्या नको. दमला असाल."

"बोटीवर झोपाच काढल्यात. परवा?"

"बघू."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या दिगंबरला म्हणाल्या, "तेका कशाक विचारतंस? सांजची भायर पडनाच नाय ता. बारीक झाला तसा तेचा बोलणापण बारीक झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात गेलो. मी त्याच्या बरोबरीने चालत होते, बांगडे घेताना कोळणीशी भांडले, त्याला हसवलं. तो म्हणाला, "तू अशी माझ्या पुढे पुढे चालतेस, मला अजून खरं वाटत नाही." दुपारी आम्ही पडवीत गप्पा मारल्या. पण ऊन नारळांच्या शेंड्यांवर गेलं तशी मी उठले आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसले. तो चहा पिऊन, शर्ट बदलून अंगणात उभा राहिला.

"येतेस?"

"डोकं दुखतंय."

तिसऱ्या दिवशी कपडे वाळत होते. चौथ्या दिवशी पाहुणे येणार होते, ते आलेच नाहीत. त्या संध्याकाळी तो एकटाच सड्यावर जाऊन आला. सासूबाई झोपल्यावर माजघरात येऊन मला म्हणाला, "सुगंधा, एक विचारू? खरं सांगशील?"

"काय?"

"तुला मी नकोसा झालोय का?"

मी भांडी पुसत होते.

"असं काय बोलता?"

"धक्क्यावर तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. सरळ बघितलंस. मी हसलो, आणि तू मान फिरवलीस. भिंतीकडे बघावं तसं. तेव्हापासून बघतोय, सकाळी तू माझी असतेस आणि संध्याकाळ झाली की दुसरीच कुणीतरी होतेस. आता तू छान दिसतेस, माणसं बघतात तुझ्याकडे. मी असा वर्ष वर्ष बाहेर. तुझी चूक आहे असं नाही म्हणत मी."

"उद्या जाऊ," मी म्हटलं. "उद्या नक्की जाऊ सड्यावर."

तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी चार वाजल्यापासूनच घाई लावली. "लवकर जाऊ, लवकर परत येऊ," म्हणत राहिले. सासूबाई ओरडल्या, "एवढ्या उन्हातान्हात खंय?" पण मी निघाले. घाटीच्या पायऱ्या भराभरा चढले. अर्ध्या वाटेतली ती जुनी पायरी आली तेव्हा दिगंबर म्हणाला, "बसायचं?" मी मान हलवून पुढे गेले. माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या, त्या हल्ली नेहमीच यायच्या. कंबरही भरून आली होती. पण वर पोचले.

आणि समुद्र दिसला. काय सांगू! घरातून खाडी दिसते, ती म्हणजे पाणी. इथे नुसता उजेड पसरला होता. वारा इतका, की वळेसरातली फुलं सुटून कातळावर पडली. दिगंबरने मला कड्याच्या जवळ नेलं आणि आपल्या लहानपणच्या दगडावर बसवलं.

"बोटीवर होतो ना," तो सांगू लागला, "शेवटचे महिने आम्ही एका बंदराबाहेर नांगर टाकून होतो. किनारा दिसायचा. माणसं फिरताना दिसायची, एक बाई रोज कुत्र्याला घेऊन यायची. पण उतरायचं नाही. रोज संध्याकाळी डेकवर उभा राहून मी ठरवायचो, घरी गेलो की पहिल्या दिवशी तुला इथे आणायचं. कुठे बसायचं, काय बोलायचं, सगळं ठरवलं होतं."

"काय बोलायचं ठरवलं होतं?"

"आता आठवत नाही," तो म्हणाला आणि हसला. मोकळं हसला, आल्यापासून पहिल्यांदा.

मी त्याच्या खांद्याला टेकून बसले. सूर्य खाली येत होता. मला कळत होतं, उठायला हवं. आत्ताच उठायला हवं. मी म्हटलंसुद्धा, "निघू या?"

"थांब ना. बुडू दे की. एवढ्यासाठी तर आलो."

किती वर्षं थांबले होते त्या एका संध्याकाळसाठी. मी नाही उठले. सूर्य पाण्याला टेकला, मोठा, लालभडक, आणि हळूहळू आत गेला. दिगंबरने माझा हात दाबला. तेवढं मी डोळे भरून बघितलं.

मग तो उठला. "चल, आता उतरू. आई ओरडेल." त्याची पावलं पुढे वाजू लागली. मीही उठले आणि तिथेच उभी राहिले.

"ये ना गं," आवाज लांबून आला.

मी आवाजाच्या दिशेने चालायला लागले. चारच पावलं टाकली असतील.

"सुगंधा! थांब! तिकडे कुठे? तिकडे खाण आहे!"

सड्यावर एक जुनी चिऱ्यांची खाण आहे, दोन पुरुष खोल. मी जागच्या जागी खाली बसले. कातळावर दोन्ही तळवे टेकवले. दिगंबर धावत आल्याचं ऐकू आलं.

"वेड लागलंय का? खाणीच्या काठावर गेली होतीस! दिसत नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "अहो, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काहीच."

"अगं, उजेड आहे अजून. ती बघ, घरं दिसतायत खालची."

"कुठे आहे उजेड?"

मग माझ्या गालाला वारा लागला. तो माझ्या डोळ्यांसमोर हात हलवत होता, हे मला नंतर कळलं. "हे?" त्याने विचारलं. "हे दिसतंय?"

"काय करताय तुम्ही?"

तो माझ्यासमोर मटकन बसला. खाली समुद्राचा आवाज होता. मग हळूच म्हणाला, "कधीपासून?"

"सात-आठ महिने झाले असतील. आधी वाटलं, दिव्याचं व्होल्टेज कमी आहे. मग बाजारातून चष्मा आणला, त्याने काही होईना. आता ऊन उतरलं की धुकं येतं, आणि मग काहीच नाही. सकाळी सगळं लख्ख."

"मग धक्क्यावर..."

"धक्क्यावर तुम्हाला ओळखलं नाही असं नाही हो. तुम्ही दिसलाच नाहीत."

त्याने माझं डोकं छातीशी ओढून घेतलं. त्याचा श्वास लागला होता. "आणि मला सांगायचं नाही? मी काय काय विचार करत बसलो!"

"तुम्ही दीड वर्षाने आलात. मला वाटलं, तुम्ही आहात तेवढे दिवस कसेबसे काढीन."

ती घाटी आम्ही कशी उतरलो ते आम्हालाच ठाऊक. तो एक पायरी उतरायचा, माझा पाय हाताने धरून खालच्या पायरीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "हां, टेकव." मग पुढची. पायऱ्यांना अंत नव्हता. खाली सासूबाई कंदील घेऊन उभ्या होत्या. दिगंबरने सांगितलं, तशी माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "अगो बाय माझ्या, माका तरी सांगूचा होतास!"

दुसऱ्या दिवशी दिगंबरने मला तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर नेरूरकर, पन्नाशीच्या बाई, कमी बोलणाऱ्या. त्यांनी यंत्रातून बघितलं, पापणी उलटून बघितली, पुन्हा बघितलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "पोटाचं काही ऑपरेशन झालंय का तुमचं?"

मला वाटलं, त्यांच्या हातात दुसऱ्याच कुणाचा कागद आलाय. "मी डोळ्यांसाठी आलेय."

"माहीत आहे. म्हणूनच विचारतेय."

दिगंबरने सांगितलं. कधी झालं, कसलं झालं, आतडं कसं जोडलं. त्या ऐकत राहिल्या.

"गोळ्या दिल्या असतील ना कायमच्या?"

"दिल्या होत्या," मी म्हटलं. "गोव्यातून यायच्या. बॉर्डर बंद झाली आणि यायच्या थांबल्या. इथल्या दुकानदाराने ताकदीच्या म्हणून दुसऱ्या दिल्या, त्या घेते. तपासणीलाही जायचं होतं, पण जाणार कसं? आणि मला काही होत नव्हतं."

"काही होत नव्हतं?" त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पायांना मुंग्या? कंबर दुखते? केस गळतात? शौचाला तेलकट होतं? संध्याकाळी घोट्यांवर सूज? थोडं काम केलं की धाप? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. दिगंबर माझ्याकडे बघत होता. त्यातली एकही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण एकही मला आजार वाटली नव्हती. वाटायचं, बारीक राहायचं तर एवढं सोसायलाच हवं.

"तुमच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "असे ठिपके मी शिकत असताना बघितले होते, कुपोषित मुलांच्या डोळ्यांत. अ जीवनसत्त्व शरीरात उरलं नाही की येतात. ते चरबीबरोबर शोषलं जातं, आणि तुमचं आतडं ते शोषतच नाही. तुम्ही जेवता, पण शरीर उपाशी आहे. नुसतं अ नाही, बाकीचंही बरंच काही संपलं असणार. लोह, बी बारा, कॅल्शियम, प्रथिनं. दुकानातल्या गोळीने ते भरून येत नाही."

"बरं होईल?" दिगंबरने विचारलं.

"रात्रीचं दिसायला लागेल, बहुतेक. डाव्या डोळ्याच्या बुबुळाला आधीच इजा झालीय, तो डाग राहील. आणखी दोन-तीन महिने काढले असते तर दिवसाचंही गेलं असतं. आजच गोव्याला जा. हे डोळ्यांचं दुखणं नाही, हे पोटातून आलंय. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्यासारख्याच माणसाने बघायला हवं. मी फोन करते."

पुढचं सगळं एका दमात सांगून टाकते. रक्त तपासलं तर डॉक्टर बाईंनी सांगितलेलं जवळजवळ सगळंच खाली गेलेलं निघालं, आणि हाडं सत्तरीच्या बाईसारखी झाली होती. इंजेक्शनं, सलाइन, रक्ताच्या बाटल्या. नंतर त्याच वर्षी पोट पुन्हा उघडून आतड्याची जोडणी बदलली, म्हणजे थोडं तरी अंगी लागावं. त्या ऑपरेशनला दिगंबर नव्हता, सुट्टी संपून बोटीवर गेला होता. सासूबाई माझ्याजवळ बसल्या होत्या. थोडं वजन परत आलं, बाजारातल्या बायका आता काही विचारत नाहीत. डाव्या डोळ्यापुढे एक पुसट ढग कायमचा आहे आणि तळपायांना अजून पुरतं कळत नाही, चप्पल निसटली तरी समजत नाही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. ऑपरेशन केलेली कुणी भेटली की मी तिला, छान दिसतेस, असं म्हणत नाही. दिवे लागल्यावर दिसतं का, एवढंच विचारते. हे सांगतेय तेव्हाही दिगंबर बोटीवरच आहे. आणखी दोन वर्षं, असं म्हणतो. मागे पण दोनच म्हणाला होता.

एक संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. डॉक्टर बाईंनी पाठवल्यावर गोव्याच्या त्या हॉस्पिटलातला पहिला आठवडा संपत आला होता. खिडकीबाहेर एक आंब्याचं झाड होतं. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे तोंड करून पडायची, आणि ते रोज माझ्यासमोर विरघळून जायचं. त्या दिवशीही ऊन गेलं. नर्स येऊन सलाइन बघून गेली. मी झाडाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की ते गेलं नाहीये. काळं झालंय, पण आहे. फांद्या वेगळ्या दिसतायत.

मी मान वळवली.

दिगंबर भिंतीशी असलेल्या खुर्चीत झोपला होता. मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं. आल्यापासून मी त्याला उन्हातच बघितलं होतं आणि उन्हात तो सतत हसत, बोलत, काहीतरी करत असायचा. आता तो नुसता होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. डोळ्यांखाली वळ्या होत्या, त्या मी पूर्वी कधी बघितल्या नव्हत्या. हनुवटीखालची कातडी सैल पडली होती. दीड वर्षात त्या बोटीवर तो म्हातारा होऊन आला होता, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या कंपनीचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता. माझ्या हातात फार थोडे दिवस होते. मी बघत राहिले. उठवलं नाही.

त्याचा डोळा उघडला तेव्हा चांगलंच काळोखलं होतं. मी त्याच्याकडे बघतेय हे त्याला कळलं असावं.

"काय बघतेस?" त्याने जड आवाजात विचारलं.

"तुम्हाला."

"एवढ्या अंधारात?" तो म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो हललाच नाही, मला बघू देत तसाच बसून राहिला.